शी दिसते, शू दिसत नाही

सोलापूर, मे. पारा ४२ च्या घरात.

या दिवसांत कुत्र्याच्या पिल्लांचे जुलाब ठरलेलेच. तक्रार येते तीही ठरलेली: पातळ झाली, फेसाळ झाली, घाण वास मारते. शेवटची लघवी कधी केली, कुठल्या रंगाची होती, असं विचारलं की घरातली माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. अंगात पाणी किती उरलंय हे तर लघवीच सांगते.

दोन महिन्यांचं पिल्लू जागेपणी दर दोन-तीन तासांनी करतं आणि ती फिकट असते. शहाबादी फरशीवर रंग कळत नाही. पांढऱ्या टिश्यूने टिपून उजेडात बघायची. गडद पिवळी आणि थोडीच असेल तर पाणी कमी पडतंय. मग ओठ वर करून हिरडी बोटाने दाबायची. पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. हिरडी चिकट लागली, किंवा सहा-आठ तासांत लघवीच नसेल, तर घरच्या उपायांची वेळ गेली.

तोवर ओआरएस. एक लिटरसाठीची अख्खी पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात. इथे नळाला काही दिवसांआड पाणी, पिंपातलं तसंच देऊ नये. तीन किलोच्या पिल्लाला ५ मिली, बिनसुईच्या सिरिंजने गालाच्या कोपऱ्यातून, दर १०-१५ मिनिटांनी. वाटीभर एकदम पुढे ठेवलं की ते घटाघटा पितं आणि सगळं ओकतं. चमचाभरही टिकत नसेल तर सलाईनच. उरलेलं द्रावण २४ तासांनी ओतून द्यायचं. शुगर-फ्री पेय अजिबात नको, त्यात झायलिटॉल असू शकतं आणि ते कुत्र्याला विष आहे.

‘एक दिवस उपाशी ठेवा’ हा सल्ला मोठ्या कुत्र्याचा. पिल्लाची साखर उतरते, ते गार पडतं, झोकांड्या खातं. उलटी थांबली की उकडलेलं चिकन एक भाग, मऊ भात दोन भाग. मीठ, हळद, फोडणी काही नाही. दोन-दोन चमचे, दिवसातून पाच-सहा वेळा. म्हशीचं दूध बंद.

आता लाल-तपकिरी लघवी. आपल्याकडे भाकरीचा तुकडा शेंगाचटणीला नाहीतर रश्श्याला लावूनच पिल्लापुढे पडतो. कांदा-लसूण, कच्चा काय नि शिजलेला काय, कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतो. खाल्ल्या दिवशी उलटी, जुलाब. मग पोट सावरतं, घर निर्धास्त होतं. तीन-चार दिवसांनी लघवी कोऱ्या चहासारखी होते, हिरड्या पांढुरक्या पडतात. तोवर चटणी कुणाच्या लक्षातही नसते. ती डॉक्टरांना आपणहून सांगावी, कारण असाच रंग गोचीडतापातही येतो आणि दोन्हींची औषधं वेगळी.

डोळे पिवळे आणि लघवी नारिंगी असेल तर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, जिवाणूंचा आजार) शंकाही घ्यायची. तो उंदरांच्या मुतातून पसरतो, माणसालाही होतो. हातमोज्यांशिवाय पुसायचं नाही.

उलट्या, रक्ताची सडक्या वासाची हगवण आणि मलूल पिल्लू असं एकत्र दिसलं, त्यात लसी अर्धवट, तर तो पार्व्हो, म्हणजे विषाणूचा जीवघेणा आजार, असू शकतो. सकाळची वाट बघू नये. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन किंवा माणसांची जुलाब थांबवणारी गोळी मनाने देऊ नये.

नमुन्यासाठी स्वच्छ कोरडी पळी पुरते. पिल्लू बसलं की पहिली धार सोडून मागून हळूच सरकवायची. पुढून गेलं तर ते खेळ समजून उठतं. लघवी औषधाच्या दुकानातल्या नमुन्याच्या डबीत भरायची. मधाची बाटली नको, नीट धुतली नसेल तर तपासणीत साखर दाखवते. अर्ध्या तासात पोचवता येत नसेल तर फ्रीजमध्ये, आणि झाकणावर वेळ लिहून.