नुसतं उकळून भागत नाही
आज परभणीत दाढ काढायला आलेल्या मावशींनी खुर्चीत बसताच विचारलं, "डॉक्टर, अवजारं उकळून घेतली ना?" फार बरं वाटलं; एरवी कुणी विचारतच नाही. अवजारांचं बंद पाकीट त्यांच्यासमोरच फोडलं.

उकळत्या पाण्यात काही जिवाणूंचे बीजाणू (टणक कवचातलं सुप्त रूप) जिवंत राहतात. म्हणून आधी ब्रशनं घासून रक्त, लाळ पूर्ण काढायची (चिकटून राहिलं तर वाफ खालपर्यंत पोचत नाही), कोरडं करून पाकिटात भरायचं, मग ऑटोक्लेव्हमध्ये (प्रेशर कुकरसारखं निर्जंतुकीकरणाचं यंत्र) १२१ अंशांची दाबाखालची वाफ, निदान १५ मिनिटं. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर ७ दिवस तग धरतो! मध्येच लाईट गेली, की सगळं पुन्हा पहिल्यापासून. पेशंट खोळंबले तरी चालतील.

तुम्हीही दवाखान्यात बेधडक विचारा, पाकीट समोर फोडायला सांगा.