बसायला सोपी, धुवायला अवघड

जमिनीपासून ड्रायव्हर सीटच्या कडेपर्यंत ६५ सेंटिमीटर. नव्या गाडीचा, म्हणजे माझ्या कॉम्पॅक्ट क्रॉसओव्हरचा, हा एकच आकडा मला तोंडपाठ आहे. टॉर्क, बीएचपी वगैरे सेल्समननं पुष्कळ ऐकवलं होतं, ते त्याच दिवशी विसरलो. आधीच्या हॅचबॅकची सीट ५० वर होती आणि घरातली टेबलाची खुर्ची ४५ वर आहे. नोकरीची सगळी वर्षं इन्स्पेक्शनमध्ये गेली, त्यामुळे मोजपट्टी खिशातच असते आणि ती बाहेर काढायला मला निमित्त लागत नाही.

या ६५ ची किंमत आईला विचारा. तिचे दोन्ही गुडघे बदललेले. जुन्या गाडीत शिरायचं म्हणजे दाराला धरून खाली खाली जात राहायचं आणि शेवटी अंग सोडून द्यायचं. उतरताना मी समोर उभा राहून दोन्ही हातांनी ओढायचो. मोठ्या, लॅडर फ्रेमवाल्या (ट्रकसारख्या वेगळ्या चासीवर बसवलेल्या) एसयूव्हीत याच्या उलट: पायरीवर पाय ठेवा, वरचं हँडल धरा, मग स्वतःला आत लोटा. ह्या गाडीची सीट आईच्या कमरेच्या किंचित खाली येते. ती गाडीकडे पाठ करते, टेकते, मग दोन्ही पाय आत फिरवते. झालं. एकदा मी डिकी उघडून पिशव्या काढेपर्यंत ती उतरून फाटकाशी पोचली होती. वर मलाच म्हणाली, "अरे, चल की, किती वेळ?"

काही महिने वापरल्यावर माझं मत पक्कं झालंय: कॉम्पॅक्ट क्रॉसओव्हर घेताना माणूस उंची विकत घेतो. तिचं जे चांगलं आहे ते उंचीमुळे, आणि जे त्रासाचं आहे तेही बहुतेक उंचीमुळेच.

मित्र चिडवतात, ही कसली एसयूव्ही, ही तर टाचा उंचावलेली हॅचबॅक. मी वाद घालत नाही, कारण ते खरंच आहे. १९९४ मध्ये टोयोटाची रॅव्ह-४ आली आणि १९९५ मध्ये होंडाची सीआर-व्ही. दोन्हींची कल्पना तीच होती: ट्रकसारखी वेगळी चासी न घेता मोटारीसारखी एकसंध मोनोकॉक बॉडी घ्यायची, सुटे भागही शक्य तितके मोटारींचेच वापरायचे आणि सगळं थोडं वर उचलायचं. माझी गाडी त्याच कुळातली. इंजिन फक्त पुढची चाकं ओढतं. तरीही कन्सोलवर एक गोल बटण आहे आणि त्यावर बर्फ, चिखल, वाळू अशी चित्रं काढलेली आहेत. ते फिरवल्यानं मागची चाकं काही चालायला लागत नाहीत. ॲक्सिलरेटरला इंजिन किती पटकन प्रतिसाद देणार आणि चाक घसरायला लागलं की ब्रेक केव्हा लागणार, एवढंच बदलतं. पाहुण्यांच्या मुलांना मात्र फार आवडतं.

ग्राउंड क्लिअरन्सचंही, म्हणजे जमीन आणि गाडीचं पोट यांतल्या अंतराचंही, तसंच. माहितीपत्रकात १९० मिलिमीटर लिहिलंय. रिकाम्या गाडीत तेवढं भरतंही. पाच माणसं आणि डिकीभर सामान घेऊन परत मोजलं तर गाडी चार सेंटिमीटर खाली बसलेली. तरी स्पीड ब्रेकरवर पोट घासायचा तो पूर्वीचा आवाज बंद झाला, हे सुख मोठं आहे. आता घासतं ते पुढच्या बंपरखालचं रबर, तेही तीव्र उताराचं पार्किंग चढताना. ते घासण्यासाठीच दिलंय असं समजून मी दुर्लक्ष करतो.

आता उंचीची दुसरी बाजू. बसल्यावर रस्ता लांबवर दिसतो, पण बॉनेटही उंच आहे. एका सकाळी मोकळ्या जागेत गाडी उभी करून समोर बादली ठेवली. बायको ती एकेक पाऊल लांब नेत गेली, मी सीटवरून बघत राहिलो. बादलीची कड दिसायला लागली तेव्हा बंपरपासून अंतर मोजलं, जवळजवळ तीन मीटर. म्हणजे तीन मीटरच्या आत रांगणारं मूल असेल, कुत्रं असेल, तर मला त्याचा पत्ता नाही. मागे कॅमेरा आहे, पुढे नाही. तेव्हापासून गाडी सुरू करण्याआधी एक फेरी पुढून मारतो. पुढच्या काचेच्या दोन्ही बाजूंचे खांबही जाड आहेत. गाडी उलटली तर छप्पर त्यांनी तोलायचं असतं, म्हणून ते जाड असणार हे कळतं. पण वळणावर एक अख्खा दुचाकीवाला त्या खांबामागे मावतो. उपाय एकच, वळताना मान पुढे-मागे करून बघायचं. बाहेरून बघणाऱ्याला वाटत असेल, हा माणूस गाणं ऐकतोय.

आईची एकच तक्रार आहे. "बसायला छान आहे, पण मान हलते." मागच्या सीटवर बसून मी ती तपासली. खरं आहे. खड्डा दोन्ही चाकांखाली एकदम आला तर गाडी नीट गिळते. एकच चाक खड्ड्यात गेलं की मात्र डोकं डावी-उजवीकडे फेकलं जातं. उंच गाडी वळणावर जास्त झुकते. ते झुकणं आवरायला डावं आणि उजवं चाक जोडणारा अँटी-रोल बार बऱ्यापैकी कडक ठेवतात. मग एका चाकाचा धक्का दुसऱ्या बाजूलाही पोचतो. आणि तुमचं डोकं जमिनीपासून जितकं वर, तितका त्याचा झोका मोठा. घाटातल्या वळणांवर जो कडकपणा मला आवडतो, तोच सावकाश जाताना आईच्या मानेला लागतो. टायरमधली हवा हा त्यातला हातातला भाग. आधी हवा भरणारा अंदाजानं जास्त भरून द्यायचा. आता दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर बघून, टायर थंड असताना तपासतो. दोन माणसांसाठी एक आकडा आहे, भरलेल्या गाडीसाठी वेगळा. डॅशबोर्डवर हवेचा पिवळा दिवा आहे, पण त्याच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही. बऱ्याच गाड्यांत साधारण २० ते २५ टक्के हवा उतरेपर्यंत तो लागतच नाही.

ॲव्हरेज किती देते, हा प्रश्न सगळे विचारतात. स्क्रीन म्हणते १६.२, टाकी फुल टू फुल करून काढलं तर १५.१ येतं. स्क्रीन कायम थोडी आशावादी असते. पण खरा फरक वेगाचा. समोरून हवेला अडवणारं क्षेत्रफळ ह्या गाडीत हॅचबॅकपेक्षा जास्त, आणि हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ८० चे १०० केले तर वेग २५ टक्क्यांनी वाढतो, पण विरोध ५६ टक्क्यांनी. हायवेवर ९० च्या आसपास राहिलं की हीच गाडी १८ च्या पुढे जाते. छोट्या टर्बो इंजिनाचं एवढंच सांगण्यासारखं: शांत पायानं चालवा, फार पीत नाही. तीन सिलिंडरांची थरथर सिग्नलला उभं असताना सीटमधून जाणवते, दोन आठवड्यांत सवय होते.

पाऊस पडून गेला की मागची काच बघा. पुढची धुतल्यासारखी आणि मागची मातीनं माखलेली. गाडी मागे एकदम सरळ कापल्यासारखी संपते, छपरावरून आलेली हवा काचेला धरून खाली उतरत नाही, मागे कमी दाबाची पोकळी तयार होते आणि चाकांनी उडवलेला चिखल त्या पोकळीत वर ओढला जातो. सेडानला मागे वायपर नसला तरी बहुधा चालतं, इथे तो हवाच. कॅमेऱ्याच्या भिंगाला मात्र वायपर नाही, त्यामुळे रिव्हर्स घेण्याआधी उतरून रुमालानं पुसावं लागतं. दाराखालचा रुंद उंबराही तसाच माखतो आणि उतरताना पोटरीला लागतो. काही गाड्यांची दारं खालपर्यंत येऊन तो उंबरा झाकतात. हे शोरूममध्ये कुणी वाकून बघत नाही. बघा.

आणि छप्पर! माझा हात मध्यापर्यंत पोचतच नाही. स्टूल घेऊन चारही बाजूंनी फिरत धुतो, तरी मधे एक पट्टा राहतोच, तो वरच्या मजल्यावरच्यांना रोज दिसतो.

एसीचा पंखा टचस्क्रीनमध्ये घातला आहे, त्याबद्दल लिहायला बसलो तर हा लेख संपणार नाही. गाड्यांची सुरक्षितता तपासून गुण देणाऱ्या युरोपातल्या युरो एनकॅप संस्थेनं २०२६ पासून इंडिकेटर, वायपर, हॉर्न अशा गोष्टींना खरीखुरी बटणं असण्याला गुण द्यायचं ठरवलं, हे वाचून बरं वाटलं. एसी त्या यादीत असता तर आणखी बरं वाटलं असतं.

पुढचा बेत टायरचा. वरच्या मॉडेलबरोबर १८ इंची चाकं आली, २१५/५५ (टायरची रुंदी २१५ मिलिमीटर आणि उभी भिंत तिच्या ५५ टक्के). खालच्या मॉडेलला १७ इंची, २१५/६०. टायरची उभी भिंत १८ मध्ये ११८ मिलिमीटर, १७ मध्ये १२९. धक्का खायला ११ मिलिमीटर रबर जास्त. बाहेरचा व्यास जेमतेम चार मिलिमीटरनं कमी होतो, ब्रेक दोन्ही मॉडेलना सारखेच आहेत आणि स्टिकरवर दोन्ही मापं छापलेली आहेत. आहेत ते टायर झिजले की १७ च्या रिम शोधायला लागणार. बायको म्हणते, चाकं बारकी दिसतील. दिसू देत, मागे आई बसते.