एका सर्व्हिस रेकॉर्डसाठी तीन आठवडे : जुनी गाडी घेतानाचा माझा अनुभव

त्या सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर मी चार वेळा गेले आणि चारही वेळा रिकाम्या हाताने परत आले, तो राग अजून गेलेला नाही. पण त्यातून जे कळलं ते ऑनलाइन जुनी गाडी शोधणाऱ्या प्रत्येकाला कळायला हवं, खासकरून आमच्या बडोद्यात, म्हणून सगळं लिहितेय.

आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि ॲक्टिव्हावर मागे बसणं बंद झालं. रिक्षात चढताना पाय उचलायचा म्हणजे तिचे डोळे भरून यायचे. मग ठरवलं छोटी गाडी घ्यायची, उंच सीटवाली, वॅगनआर चालेल, बजेट साडेतीन लाख. दादा म्हणाला ऑनलाइन बघ, डीलरकडे कमिशन जातं. झालं, रोज रात्री जेवणं आटोपली की मी मोबाईल घेऊन बसायचे.

पहिल्याच आठवड्यात फौजीवाला भेटला. २०१७ ची स्विफ्ट, १ लाख ४५ हजार, फोटो एकदम चकचकीत. फोन केला तर समोरचा हिंदीत फार अदबीने बोलत होता, मॅडम मी ईएमईमध्ये (बडोद्यातली लष्कराची प्रशिक्षण संस्था) आहे, जम्मूला बदली झाली, गाडी नेता येत नाही. लगेच व्हॉट्सॲपवर कॅन्टीन कार्ड, वर्दीतला फोटो, आधार, आरसी, सगळं न मागता आलं. मी म्हटलं ठीक, उद्या बघायला येते. तर म्हणे सिव्हिलियनला आत येता येत नाही, गाडी आर्मीच्या ट्रान्सपोर्टने घरपोच येईल, फक्त ४,१५० रुपये गेटपासचे भरा, ते रिफंडेबल आहेत. आता ईएमईच्या आवारातल्या दक्षिणामूर्तीच्या देवळात आम्ही लहानपणापासून जातोय, ओळखपत्र दाखवून अख्खं बडोदं जातं. मला कोण सांगतंय आत येता येत नाही! तिथेच फोन ठेवला. पण माझ्या ऑफिसमधल्या एका मुलीने अशाच माणसाला आधी गेटपास, मग जीएसटी, मग लेट फी असं करत तीनदा पैसे पाठवले होते आणि लाजेने दोन दिवस कोणाला सांगितलं नाही. असं झालं तर लाजू नका, त्याच मिनिटाला १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावा, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत बँकेला अडवता आले तर येतात, दोन दिवसांनी फार अवघड होतं. आणि कोणी म्हणालं की पैसे परत मिळवायला हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका, तर समजा की खात्यातून अजून जाणार आहेत. पैसे यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही.

हा प्रकार ओळखायला सोपा आहे, कारण गाडीच नसते. मला छळलं ते खऱ्या गाडीने.

लाल वॅगनआर, नोव्हेंबर २०१८, एकच मालक, २ लाख ८५ हजार. बाजारभावापेक्षा कमी, पण संशय यावा इतकी कमी नाही. मालक घरी भेटला, घरात बायको, मुलं, चहा दिला. एमपरिवहन या सरकारी ॲपवर नंबर टाकला, नाव जुळलं, आरसी ॲक्टिव्ह, कर्जाचा बोजा नाही, इन्शुरन्स, पीयूसी चालू. चासी नंबरचे शेवटचे पाच आकडे टाकून दंडाचं चलन बाकी आहे का पाहिलं, तेही काही नाही. आईला बसवून एक चक्कर मारली, ती खूश. मी एकच विचारलं, ऑगस्टच्या पुरात गाडी कुठे होती? तो म्हणाला, "बेन, गाडी तो पादरा हती, गामडे. पाणी अड्युंय नथी." म्हणजे गाडी गावी, पादऱ्याला होती, पाणी शिवलंसुद्धा नाही.

बाहेरच्यांना कदाचित माहीत नसेल म्हणून सांगते. ऑगस्ट २०२४ च्या शेवटी आमची विश्वामित्री नदी पस्तीस फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी सव्वीस फूट. आम्ही समा भागात तळमजल्यावर राहतो, आमची ॲक्टिव्हा दोन दिवस पूर्ण पाण्याखाली होती. गल्लीगल्लीत गाड्या छपरापर्यंत बुडाल्या होत्या. मग महिनाभर टोइंगवाल्यांच्या रांगा, आणि त्यातल्या कितीतरी गाड्या क्लेममध्ये गेल्या, कितीतरी गॅरेजवाल्यांनी भंगाराच्या भावात उचलल्या, धुतल्या, नवी सीट कव्हरं घातली. त्या गाड्या गेल्या कुठे? आपल्याच मोबाईलवर फिरतायत.

तर मी टोकन दिलं ५,०००. दादाने तेवढं शहाणपण केलं, व्हॉट्सॲपवर आधी लिहून घेतलं की सर्व्हिस रेकॉर्ड बघून आणि मेकॅनिकला दाखवून पसंत पडली तर व्यवहार, नाहीतर टोकन पूर्ण परत. मालकाने 'ओके' पाठवलं. हा एक ओके पुढे किती कामाला आला!

आता सर्व्हिस रेकॉर्ड. मला वाटलं नंबर सांगितला की प्रिंट देतील. काउंटरवरच्या मुलाने नंबर टाइप केला, स्क्रीन वरून खाली पूर्ण वाचली, मला त्याचे डोळे सरकताना दिसत होते, आणि मग म्हणाला, "ओनर वगर ना आपीए, बेन." मालकाशिवाय देत नाही. मी म्हटलं प्रिंट नको, फक्त एवढं सांगा, सप्टेंबरमध्ये ही गाडी टो होऊन आली होती का? हो की नाही? तो नुसता हसला आणि पुढच्या माणसाकडे वळला. त्याला माहीत होतं. माझ्यासमोर त्याने वाचलं होतं.

दुसऱ्यांदा मालकाचा परवानगीचा मेसेज घेऊन गेले. मेसेज चालत नाही म्हणे, रजिस्टर्ड मोबाईलवर ओटीपी जाईल तो सांगा. तिथूनच मालकाला फोन लावला तर तो सुरतला निघाला होता, नेटवर्क नाही, नंतर करतो. नंतर म्हणजे कधीच नाही. तिसऱ्यांदा आरसीची झेरॉक्स आणि अर्ज लिहून घेऊन गेले, मॅनेजर रजेवर. ऑफिसमधून अर्धा दिवस सुट्टी घेऊन गेले होते, तिथल्या सोफ्यावर दीड तास बसले, समोर नवीन गाडीची चावी देताना टाळ्या वाजत होत्या, नारळ फुटत होता. चौथ्यांदा मॅनेजर भेटले, त्यांनी अर्ज वाचला, घडी घालून परत दिला आणि कंपनीला मेल करा म्हणाले. मेलला उत्तर आलं, तुमची तक्रार नोंदवली आहे. तक्रार नव्हतीच ती! मी एक कागद मागत होते.

यात तीन आठवडे गेले. आणि या तीन आठवड्यांत मालकाचे फोन वाढत गेले. आणंदची पार्टी आहे, कॅश घेऊन रविवारी येतेय. बेन तुमच्यासाठी थांबवलीय. तुम्ही बायका फार शंका घेता. खरं सांगते, एका रात्री मी दादाला म्हटलं की देऊन टाकू पैसे, आईला किती दिवस रिक्षात घालायचं, आणि त्या वेळी मला राग फक्त सर्व्हिस सेंटरचा येत होता, त्या माणसाचा नाही. उलट तो बिचारा थांबलाय असं वाटत होतं.

डोळे उघडले ते दादाच्या मित्राने. तो म्हणाला, अगं, मालकाच्या मोबाईलमध्ये कंपनीचं ॲप टाक, त्याच्या नंबरने लॉगिन केलं की सगळा सर्व्हिस रेकॉर्ड तिथेच दिसतो, कधी काय बदललं, किती किलोमीटरला आली होती, सगळं. पाच मिनिटांचं काम आहे. सर्व्हिस सेंटरला जायची गरजच काय?

चार खेपा! चार खेपांत काउंटरवरच्या एकालाही हे सांगावंसं वाटलं नाही. दुसऱ्याची माहिती मला देऊ नका, नियम आहे, मान्य. पण मालकाला ॲप उघडायला सांगा, हे एक वाक्य बोलायला कुठला नियम आडवा येत होता? आणि मालकाला तर ॲप माहीतच होतं, कारण मी फोनवर विचारल्याबरोबर तो म्हणाला की त्यात जुनं काही दिसत नाही. बघितल्याशिवाय कसं कळलं?

त्या रात्री मी त्याने पाठवलेली इन्शुरन्स पॉलिसी पहिल्यांदा नीट वाचली. तोवर फक्त तारीख बघितली होती. त्यात एनसीबीचा रकाना असतो, नो क्लेम बोनस. एक वर्ष क्लेम घेतला नाही की २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षापासून ५०. हा म्हणतो सहा वर्षांत एकदाही क्लेम घेतला नाही, म्हणजे नोव्हेंबर २०२४ च्या पॉलिसीत ५० हवेत. तिथे शून्य होतं. गाडी नुकतीच दुसऱ्याच्या नावावर झाली असेल किंवा पॉलिसी संपून नव्वद दिवसांच्या वर गेले असतील तरी शून्य होतं, हे खरं, पण इथे मालक एकच आणि पॉलिसी सलग. मी आदल्या वर्षीची पॉलिसी मागितली. ती 'शोधून पाठवतो' मध्येच राहिली.

शेवटी कारेलीबागच्या आमच्या ओळखीच्या मेकॅनिकला घेऊन न कळवता गेले. त्याने बॉनेट उघडलंसुद्धा नाही आधी. ड्रायव्हरच्या बाजूचा सीटबेल्ट धरला आणि ओढत गेला, ओढत गेला, आपण कधी ओढत नाही इतका, अगदी शेवटपर्यंत. वरचा पट्टा काळाभोर स्वच्छ, आणि शेवटच्या वीतभर भागात मातकट रेघ, आडवी, पाणी जिथे थांबलं तिथे. त्याने नखाने खरवडलं, बारीक पिवळसर भुकटी बोटाला लागली. मग सीट मागे सरकवून खालच्या रुळाचे बोल्ट दाखवले, गंजलेले. मागच्या डिकीतलं कार्पेट उचललं आणि वास आला. तो वास मला कोणी सांगायला नको, आमच्या घरातली कपाटं दिवाळीपर्यंत तसाच वास मारत होती. मालक बाजूला उभा होता, काही बोलला नाही.

टोकन परत मिळायला अकरा दिवस लागले. तो आधी नाहीच म्हणत होता, मग दादाने तो ओकेचा स्क्रीनशॉट पाठवला आणि सायबर सेलला देतो म्हणाला, तेव्हा पाचच्या पाच हजार आले. म्हणून टोकन द्यायचंच असेल तर अट लिहून, तीही पैसे पाठवायच्या आधी.

त्यानंतर जी गाडी घेतली तिच्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. दांडिया बाजारातले एक काका, रिटायर्ड, गाडी २०१७ ची, ३ लाख २० हजार. मी ॲपचं म्हटल्याबरोबर त्यांनी मोबाईलच माझ्या हातात दिला, म्हणाले, "तूच बघ गं, मला चष्म्याशिवाय दिसत नाही." सगळ्या सर्व्हिस, सगळे किलोमीटर ओळीने चढत गेलेले. मध्येच कुठे अचानक कमी झाले असते तर मीटर मागे फिरवलाय असं समजायचं. दरजीपुऱ्याच्या आरटीओचं काम सुरळीत झालं, गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर काकांच्या सह्या, बाकीची कागदपत्रं, बास. त्यांच्या आरसीवर बँकेचा जुना बोजा होता, पण बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ त्यांनी जपून ठेवले होते, नाहीतर तेच एक महिन्याचं काम झालं असतं, तर आधी तेही विचारून घ्या.

अजून आठवतंय ते सांगते. नुसते सही केलेले कोरे २९-३० घेऊन 'नावावर नंतर करा' म्हणणाऱ्याला पूर्ण पैसे देऊ नका, आरसीवर ज्याचं नाव आहे तो माणूस समोर हवा, आधार घेऊन. चासी नंबर गाडीवर बघा, आरसीच्या फोटोत नाही, आणि खोडून परत ठोकल्यासारखा वाटला तर तिथूनच परत फिरा. चोरीची आहे का हे एनसीआरबीच्या (केंद्र सरकारच्या गुन्हे नोंद विभागाच्या) पोर्टलवर नंबर टाकून कळतं. इन्शुरन्स आपल्या नावावर करायला चौदाच दिवस असतात, लोक विसरतात, आणि काकांचा एनसीबी काकांकडेच राहतो, आपल्याला मिळत नाही. हो, आणि जुन्या मालकाचा फास्टॅग बंद करून आपला लावा, आम्ही विसरलो होतो आणि वासदच्या टोलचे पैसे काकांच्या खात्यातून गेले, मला फार वाईट वाटलं, दुसऱ्या दिवशी जाऊन दिले.

आई आता पुढच्या सीटवर स्वतः बसते, दार धरून, हळूहळू. काळ्या घोड्याचा पूल आला की खिडकी खाली करून नदी बघते.

गेल्या महिन्यात सहज जुन्या गाड्यांच्या जाहिरातींचं ॲप उघडलं तर ती लाल वॅगनआर परत दिसली. नाव वेगळं, गाव आणंद, किंमत ३ लाख १० हजार, खाली लिहिलेलं, पूरमुक्त गाडी. मागच्या बंपरवरचा ओरखडा तोच आणि नंबर तोच. मी रिपोर्ट केलं, कारण लिहिलं, सीटबेल्टचा फोटोही जोडला. दोन दिवसांनी बघितलं तर जाहिरात तशीच होती, फक्त फोटोतल्या नंबर प्लेटवर पांढरी पट्टी आली होती.