औटकी

परवा दुपारी पडद्याचं कापड घ्यायला गेले होते. साडेतीन मीटर, ८० रुपये मीटर. काउंटरवरच्या मुलाने फोन काढून कॅल्क्युलेटर उघडेपर्यंत मागे लोडाला टेकलेले त्याचे आजोबा डोळे मिटूनच म्हणाले, "दोनशे ऐंशी." आणि त्याच वेळी माझ्या तोंडून निघून गेलं, "आठ औटे अठ्ठावीस!" आजोबांनी डोळे उघडले. आम्ही एकमेकांकडे असं पाहिलं, की जणू एकाच आळीतले निघालो.

औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, शेवटची म्हटली त्याला चाळीस वर्षं झाली असतील. दिवेलागणीला हातपाय धुवायचे, देवापाशी बसायचं, शुभं करोति झालं की परवचा. पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी. आतून फोडणीचा वास यायचा आणि पाऊणकीपाशी हमखास अडखळायला व्हायचं. अण्णा, म्हणजे माझे आजोबा, तेव्हा सुपारी कातरत असायचे. लक्ष नाहीसं वाटायचं, पण चुकलं की अडकित्ता थांबायचा. ओरडणं नाही, काही नाही. अडकित्ता पुन्हा चालू होईपर्यंत आम्ही ती ओळ दुरुस्त करत राहायचो. (साडेतीनचं आपल्याला एवढं काय वेड आहे कोण जाणे. मुहूर्त साडेतीन, शक्तिपीठं साडेतीन, देहसुद्धा साडेतीन हात. पाढा असणारच.)

यातून आमची काही प्रगती वगैरे करायची असं अण्णांच्या मनात असेल, असं मला वाटत नाही. संध्याकाळी पोरं एका जागी बसावीत, एवढंच.

मी मात्र गेल्या जानेवारीत रीतसर सुधारायला घेतलं. फोनमध्ये सवयींचं ॲप. पाणी, प्राणायाम, दहा पानं वाचन, लिफ्ट बंद. २१ दिवसांत सवय लागते असं सगळेच सांगतात. मी अकराव्या दिवशी न चढलेल्या जिन्यापुढे बरोबरची खूण केली आणि बाराव्या दिवशी लाजेने ॲपच काढून टाकलं. पुढे वाचनात आलं, की लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या संशोधकांनी ९६ जणांवर याचा अभ्यास केला होता. २००९ साली तो छापून आला. त्यात सरासरी ६६ दिवस निघाले, पण कुणाला १८ पुरले, तर कुणाला पार २५४ लागतील असा हिशेब. मधला एखादा दिवस बुडाला तरी फारसं बिघडत नाही, असंही त्यात आहे. हे आधी कळतं तर खोटी खूण तरी केली नसती. २५४ म्हणजे साडेआठ महिने. आपण त्यातल्याच, अशी मी समजूत करून घेतली आहे.

न ठरवता लागलेली एक सवय मात्र हटत नाही. दिवा लागला की हात जोडले जातात. ट्यूबलाइटलाही. भारनियमनाच्या दिवसांत वीज जितक्या वेळा यायची तितके नमस्कार व्हायचे. आता सोसायटीने जिन्यात माणसाच्या चाहुलीने लागणारे दिवे बसवलेत. प्रत्येक मजल्यावर एक. परवा वीज गेली, लिफ्ट बंद. जिन्यातले दिवे तेवढे इन्व्हर्टरवर. कापडाची पिशवी काखेत मारून चार मजले चढले, चार नमस्कार झाले. तिसऱ्यावरचे काका दार उघडून बघत होते. त्यांना वाटलं त्यांनाच केला. त्यांनी उलट केला.

काल वीज होती. लिफ्टने आले.