टॉर्पेडो नसलेली पाणबुडी

पाणबुड्यांचा विषय निघाला आणि मी पहिल्या महायुद्धातल्या जर्मन ‘यूसी’ बोटींवर, म्हणजे समुद्रात सुरुंग पेरणाऱ्या छोट्या पाणबुड्यांवर आलो, की एक प्रश्न हमखास येतो. “अहो, तिच्यावर ना तोफ, ना टॉर्पेडो. मग ती लढायची कशी? आणि तुम्हाला तिचं एवढं काय?” माझी उमेदीची वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेली, त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला मनापासून आवडतं. तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगतो.

१९१४ च्या ऑक्टोबरात जर्मन फौजांनी बेल्जियमचा किनारा घेतला आणि ब्रुज, झीब्रुग ही बंदरं त्यांच्या हाती आली. इंग्लंड अगदी समोर. युद्ध लवकर आटोपेल असा सगळ्यांचाच होरा होता, म्हणजे बोट हवी तर ती झटपट बांधून होणारी हवी. नोव्हेंबरात ऑर्डरी निघाल्या. हॅम्बुर्गच्या व्हल्कन गोदीत दहा आणि ब्रेमेनच्या वेझर गोदीत पाच अशा एकूण पंधरा बोटी झाल्या, आणि १९१५ च्या मे अखेरीपासून त्या मोहिमेवर निघूही लागल्या. तुकडे आगगाडीवर चढवून बेल्जियममधल्या अँटवर्पला न्यायचे आणि तिथे जोडायचे, असा बेत होता. म्हणून रुंदी तीन मीटरांच्या जेमतेम वर, लांबी ३४ मीटर, पाण्यावरचं वजन १६८ टन. माणसं चौदा.

डिझेल इंजिन एकच, ९० अश्वशक्तीचं. आपल्या एसटीच्या इंजिनात याहून जास्त ताकद असते. वेग सहा नॉटच्या थोडा वर, म्हणजे ताशी साधारण साडेअकरा किलोमीटर, तोही पाण्यावर. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामधल्या डोव्हरच्या सामुद्रधुनीत उधाणाला पाण्याची ओढच तीन-चार नॉटची असते. म्हणजे भरती-ओहोटीचं गणित चुकलं, की इंजिन पूर्ण जोरात चालूनही बोट कशीबशी दोन-तीन नॉटनं सरकायची. आणि ते एकुलतं इंजिन बंद पडलं तर? शत्रूच्या दारात, भर समुद्रात, त्या चौदा जणांनी तेलकट हातांनी ते उघडून बसायचं. इंजिनरूममध्ये काम केलेल्या माणसाला याचा अर्थ वेगळा समजवावा लागत नाही.

आता हत्याराकडे येऊ. बोटीच्या पुढच्या भागात, मधोमध एका रांगेत सहा उभ्या नळ्या होत्या, प्रत्येकी एक मीटर व्यासाच्या, खाली मागच्या बाजूला कललेल्या. या नळ्या मावाव्यात म्हणून पुढचा डेक मुद्दाम उंच केलेला. प्रत्येक नळीत दोन याप्रमाणे एकूण बारा पाणसुरुंग. नळ्या वर-खाली उघड्या, आत समुद्राचं पाणी. बोट पुढे सरकत असायची आणि सुरुंग खालून सुटून मागे पडायचा. सुरुंग आणि त्याचं नांगराचं वजन एकत्रच तळाला जायचं. दोघांना धरून ठेवणारं एक बूच पाण्यात विरघळायचं, मग सुरुंग तारेच्या टोकाला वर यायचा आणि ठरल्या खोलीवर उभा राहायचा. तोवर बोटीनं लांब निघून जायचं.

पण नळ्या पाण्यात, त्यामुळे समुद्रावर गेल्यावर आतून सुरुंगाला हात लावायची सोय नव्हती. तारेची लांबी बंदरातच ठरायची. कमांडर ज्या जागेचा हिशेब करून निघाला तिथे तो पोचला नाही, तर सुरुंग एक तर फार खोल राहणार, नाहीतर ओहोटीला उघडा पडणार. मला हा आराखडा हुशारीचा वाटतो आणि त्यातली घाई क्रूर वाटते, दोन्ही एकदम. कारण ते बूच लवकर विरघळलं, तर सुरुंग आपल्याच बोटीखाली जागा व्हायचा.

हे खरोखर घडलं. १६ मार्च १९१६ रोजी यूसी-१२ इटलीच्या तारांतो बंदराबाहेर आपल्याच सुरुंगांनी फुटली. तेव्हा जर्मनी आणि इटली यांच्यात युद्ध पुकारलेलंही नव्हतं. इटलीनं ती वर काढली, तेव्हा माणसं जर्मन असल्याचं उघड झालं. पुढे तीच बोट दुरुस्त करून इटलीनं आपल्या नौदलात घेतली. त्याआधी, जुलै १९१५ मध्ये, इंग्लंडच्या यारमथजवळ एका साध्या किनारी मालवाहू जहाजाच्या धडकेनं यूसी-२ बुडाली होती. पाणबुड्याच सुरुंग पेरतायत याचा ढळढळीत पुरावा ब्रिटिश पाणबुड्यांना, म्हणजे बुडी मारणाऱ्या माणसांना, तिच्या सांगाड्यात मिळाला. यूसी-५ एप्रिल १९१६ मध्ये इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यालगत शिपवॉशच्या वाळूवर रुतली, पकडली गेली आणि लंडनला टेम्स नदीवर लोकांसमोर मांडली गेली. पंधरापैकी एकही बोट युद्धाच्या शेवटापर्यंत जर्मनीच्या हाती राहिली नाही.

नंतरच्या मोठ्या यूसी बोटींवर टॉर्पेडो आले, तोफ आली, सुरुंग बाराचे अठरा झाले.

पण लढायची कशी, या प्रश्नाचं उत्तर मला ‘मालोजा’ जहाजापाशी सापडतं. पी. अँड ओ. या ब्रिटिश कंपनीचं बारा हजार टनांवरचं हे जहाज लंडनजवळच्या टिलबरीहून मुंबईला निघालं होतं. २७ फेब्रुवारी १९१६, रविवार. डोव्हरपासून दोनेक मैलांवर ते यूसी-६ नं पेरलेल्या सुरुंगावर गेलं. बोटी उतरवता याव्यात, जहाज थांबावं म्हणून कप्तानानं इंजिनं उलटी फिरवायला सांगितली. इंजिनरूममध्ये पाणी भरलं आणि इंजिनं बंद करायला कुणी पोचू शकेना. जहाज कलत कलत मागे जात राहिलं, त्या वेगात बोटी धड उतरेनात. अर्ध्या तासाच्या आत सगळं संपलं. १५५ माणसं गेली, त्यांत मोठा वाटा हिंदुस्थानी खलाशांचा, लस्करांचा. त्या काळी पी. अँड ओ.च्या डेकवर कोकण-गुजरातची आणि खानपानात गोव्याची माणसं असायची. मदतीला धावलेलं ‘एम्प्रेस ऑफ फोर्ट विल्यम’ हे कोळशाचं जहाजही सुरुंगावरच गेलं.

तुम्हाला तिचं एवढं काय, असं विचारता ना? त्या उलट्या फिरणाऱ्या इंजिनांपाशी माझं मन अडकतं. असल्याच इंजिनांपाशी मी नोकरी केली आहे, आणि मालोजावरची ती माणसं घराकडे, मुंबईकडे निघालेली होती.