वंशावळ फळ्यावर शेवटी काढायची

एम.ए.च्या वर्गात त्या दिवशी इंग्लंडमधली गुलाबयुद्धं, म्हणजे पंधराव्या शतकातल्या लँकेस्टर आणि यॉर्क या राजघराण्यांमधल्या लढाया, शिकवायची होती. नेहमीप्रमाणे फळ्याच्या मधोमध तिसऱ्या एडवर्डची वंशावळ काढली. मोठे झालेल्या मुलांत दुसरा लायनेल, तिसरा जॉन ऑफ गाँट, चौथा एडमंड. गाँटपासून लँकेस्टर घराणं, एडमंडपासून यॉर्क. यॉर्कचा ड्यूक रिचर्ड वडिलांकडून एडमंडचा नातू होता, पण आई ॲन मॉर्टिमर हिच्याकडून लायनेलच्या मुलीच्या वंशातला. म्हणजे मुलीच्या वंशाचा हक्क मानला, तर गादीवरच्या लँकेस्टर घराण्यातल्या सहाव्या हेन्रीपेक्षा त्याची शाखा थोरली.

तहसील कचेरीत वारसनोंदीचं काम करणारी एक विद्यार्थिनी वर्गात आहे. तिने विचारलं, "सर, याने हरकत घेतली कधी?"

उत्तर आहे ऑक्टोबर १४६०. लँकेस्टर घराण्याने गादी घेतली १३९९ मध्ये. या युद्धांतली पहिली लढाई सेंट ऑल्बन्सला झाली २२ मे १४५५ रोजी. फेरफार होऊन ६१ वर्षं आणि रक्त सांडून पाच वर्षं झाल्यावर हरकत! ज्या कागदाचं नाव पहिल्या लढाईत कोणी काढलं नाही, त्याला त्या लढाईचं कारण कसं म्हणायचं? फळा पुसला आणि तारखांच्या क्रमाने पुन्हा सुरुवात केली.

डाव्या टोकाला आले पैसे. १४४९-५० च्या पार्लमेंटपुढे राजाचं कर्ज ३,७२,००० पौंड, नेहमीचं वार्षिक उत्पन्न ५,००० आणि राजवाड्याचा खर्च २४,००० असे आकडे ठेवले गेले. खजिना असा असला की कोणाचं येणं आधी फिटेल हे कायदा ठरवत नाही, राजाच्या जवळचा माणूस ठरवतो. फ्रान्समधल्या इंग्रजी मुलखाच्या कारभारापोटी यॉर्कचं ३८,००० पौंडांच्या वर येणं होतं. त्याच्या जागी गेलेल्या सॉमरसेटच्या ड्यूकने १४४९ मध्ये नॉर्मंडीतलं रुआँ शत्रूच्या हवाली केलं, १४५० मध्ये सगळं नॉर्मंडी गेलं, तरी दरबारात वजन सॉमरसेटचंच. यॉर्कचा राग हा इथला आहे, आणि तो समजण्यासारखा आहे.

मग एक कोरा कागद घेतला. वरच्या अर्ध्या भागात एक करार लिहिला, खालच्या अर्ध्या भागात तोच शब्दशः पुन्हा. मधल्या रेषेवर काही अक्षरं लिहिली आणि त्या अक्षरांमधूनच कात्री नागमोडी फिरवली. एक तुकडा सरदाराचा, एक चाकरीला राहणाऱ्याचा. वाद झाला तर दोन्ही तुकडे जुळवून बघायचे: दात दातात बसले आणि अर्धी अक्षरं पुरी झाली, तर करार खरा. याला इंडेंचर म्हणत. करारात वार्षिक नेमणूक, युद्धातला रोजमुरा, लुटीतला सरदाराचा वाटा (बहुधा एक तृतीयांश) असं सगळं असे. मोबदल्यात सरदाराचा बिल्ला लावायचा आणि बोलावणं आलं की हजर व्हायचं.

पदरी माणसं बाळगण्याची ही पद्धत मुळातच वाईट होती, असं सरसकट लिहिलं जातं. मला ते पटत नाही. पाचव्या हेन्रीने फ्रान्सवरच्या स्वारीसाठी १४१५ ची फौज याच पद्धतीने उभी केली. बिघाड होता वरच्या पंचात. सहावा हेन्री नऊ महिन्यांचाही नसताना राजा झाला आणि मोठा झाल्यावरही दोन सरदारांमधला तंटा त्याला मिटवता येईना. पंच नाही म्हटल्यावर सरदार आपल्या माणसाच्या खटल्यात ज्युरीवर दबाव आणू लागले, आणि तेही पुरेना तेव्हा बिल्लेवाले शेजाऱ्यावरच घातले.

हे बघायला ऑगस्ट १४५३ पुरेसा आहे. १७ जुलैला कास्तियाँच्या लढाईत फ्रान्समधला इंग्लंडचा प्रांत गॅस्कनी हातचा गेला. ऑगस्टमध्ये राजाची शुद्ध हरपली. ऑक्टोबरमध्ये झालेला मुलगा समोर आणला तरी त्याने ओळख दाखवली नाही. आणि २४ ऑगस्टला यॉर्क शहराजवळ हेवर्थच्या माळावर पर्सी या सरदार घराण्याच्या लोकांनी त्यांच्या वैरी नेव्हिल घराण्याचं लग्नाचं वऱ्हाड अडवलं. नवरी मॉड स्टॅनहोप ही लॉर्ड क्रॉमवेलची भाची आणि वारस. पर्सींची पूर्वीची रेसल गढी क्रॉमवेलकडे होती, ती आता या लग्नामुळे नेव्हिलांच्या घरात जाणार होती. अडवणाऱ्यांपैकी सातशेच्या वर नावं नोंदलेली आहेत.

पुढे नेव्हिल यॉर्कला मिळाले. सेंट ऑल्बन्सला मेलेले मोठे लोक बघा: यॉर्कचा वैरी सॉमरसेट; नेव्हिलांचे वैरी नॉर्थंबरलंडचा पर्सी आणि क्लिफर्ड. एवढे पडले आणि लढाई थांबली. मानेला बाण लागलेला राजा यॉर्कच्या ताब्यात होता. यॉर्क त्याच्यापुढे गुडघे टेकून बसला आणि त्याला मानाने लंडनला घेऊन गेला. गादीसाठी आलेला माणूस असं करत नाही.

वंशावळ फळ्याच्या अगदी उजव्या टोकाला आली, १४६० च्या खाली. दरम्यान १४५९ मध्ये पार्लमेंटने यॉर्कला राजद्रोही ठरवून जप्ती आणली होती. आता साधी प्रजा म्हणून परतायला जागाच उरली नव्हती. १० ऑक्टोबरला वेस्टमिन्स्टरमध्ये त्याने रिकाम्या सिंहासनावर हात ठेवला आणि जयजयकाराची वाट पाहिली. कोणी काही बोललं नाही. कँटरबरीच्या आर्चबिशपने विचारलं, राजाची भेट घ्यायची आहे का? त्यानंतर तो वंशावळीचा कागद घेऊन पार्लमेंटपुढे गेला. २५ ऑक्टोबरला तोड निघाली: हेन्री जिवंत असेपर्यंत तोच राजा, पुढे यॉर्क आणि त्याचे वारस. राणी मार्गारेटचा सात वर्षांचा मुलगा बाद.

विद्यार्थिनीने वहीत रेघ ओढत विचारलं, "आईने ही तोड मान्य केली?"

६६ दिवसांनी, ३० डिसेंबरला, वेकफील्डजवळ राणीच्या पक्षाने यॉर्कला ठार मारलं.