तुम्ही विचारलंत म्हणून: नस परत वाढते ना?

‘‘शीर तुटली तरी परत वाढते म्हणतात. मग तुमचा पाय अजून तसाच कसा?’’ तलावपाळीच्या बाकावर, नौपाड्यातल्या आमच्या लिफ्टमध्ये, लग्नाच्या पंगतीत, हा प्रश्न मला सगळीकडे भेटतो. विचारणाऱ्याच्या आवाजात काळजी असते, म्हणून ‘असतं असं काहीतरी’ म्हणून सोडून द्यावंसं वाटत नाही. आज नीट सांगते.

आधी एक घोटाळा दूर करू. आपल्याकडे रक्तवाहिनी ती शीर आणि मज्जातंतू तीही शीरच. त्यामुळे ‘तेल चोळा, शिरा मोकळ्या होतील’ असे सल्ले येतात. माझा आजार रक्ताचा नाही, तंतूंचा आहे. त्याचं नाव शार्को-मारी-टूथ. १८८६ साली फ्रान्समध्ये शार्को आणि मारी यांनी आणि इंग्लंडमध्ये टूथ यांनी त्याचं वर्णन केलं, म्हणून तिघांची नावं. साधारण अडीच हजारांत एकाला तो असतो. मला वडिलांकडून आला. ते चालताना गुडघा उंच उचलत आणि पाऊल फट्कन टेकत. लहानपणी मला वाटायचं, ती त्यांची ऐट आहे.

आता तुमचा प्रश्न. हो, नस वाढते, मी ती वाढताना पाहिली आहे. माझ्या भाच्याचं मनगट खिडकीच्या फुटक्या काचेनं कापलं, आतली नस तुटली. सर्जननी ती शिवली. पुढे दर भेटीत डॉक्टर मनगटापासून तळव्याकडे बोटानं हलकेच टकटक करत जायचे, आणि एका ठरावीक जागी तो ओरडायचा, ‘‘इथे! इथे मुंग्या आल्या!’’ ती जागा म्हणजे वाढत्या तंतूचं टोक. माझी बहीण तिथे बॉलपेननं ठिपका काढायची आणि तो पुसला जाऊ नये म्हणून आंघोळीनंतर पुन्हा गिरवायची. महिन्याभरानं मुंग्यांची जागा ठिपक्याच्या तीनेक सेंटीमीटर पुढे गेलेली असायची. दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर.

पण भाच्याच्या तंतूला वाट कुणी दाखवली, ते बघा. नसेत श्वान नावाच्या पेशी असतात. थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाचं नाव त्यांना मिळालंय. एरवी त्या तंतूभोवती मायलिनचं वेष्टण गुंडाळतात, विजेच्या वायरीवर असतं तसं. तंतू तुटला की त्याच पेशी मोडतोड साफ करतात, रांगेनं उभ्या राहतात आणि नव्या टोकाला पुढे नेतात. माझा बिघाड नेमका याच पेशींत आहे. सतराव्या गुणसूत्रावर पीएमपी२२ नावाचा जीन असतो. त्याच्या दोन प्रती हव्यात, माझ्याकडे तीन आहेत. हे कारण १९९१ साली सापडलं. त्या एका जादा प्रतीमुळे वेष्टण नीट बसत नाही. ते सुटतं, पेशी पुन्हा गुंडाळतात, पुन्हा सुटतं. अशा नसेचा काप सूक्ष्मदर्शकाखाली कांदा आडवा चिरल्यासारखा दिसतो, थरावर थर. ते चित्र डॉक्टरांनी मला दाखवलं तेव्हा मी बराच वेळ बघत राहिले. आपलं शरीर स्वस्थ बसलेलं नाही, इतकी वर्षं ते दुरुस्तीच करत आलंय, हे मला तोवर माहीतच नव्हतं.

भाच्याला जखम एकदाच झाली आणि दुरुस्त करणाऱ्या पेशी निरोगी होत्या. माझ्यात जखम चालूच आहे, आणि दुरुस्तीही त्याच पेशींच्या हाती आहे.

तपासणीत माझ्या हाताच्या नसेतून संदेश जाण्याचा वेग सेकंदाला २१ मीटर निघाला. एरवी तो ५० किंवा जास्त असतो. हा वेग लहानपणापासूनच कमी असतो, तरी मी शाळेत खो-खो खेळले आहे. ताकद जाते ती पुढे, वेष्टणाच्या आतला तंतूच झिजायला लागला की. सगळ्यांत लांब तंतू आधी, म्हणून सुरुवात पावलांपासून, आणि मग बोटं. ब्लाउजचे हूक हल्ली मला वेळ घेऊन लावावे लागतात.

एक वाढ मात्र माझ्यातही होते, आडवी. एखादा तंतू गेला की शेजारचा जिवंत तंतू फांदी काढतो आणि पोरके झालेले स्नायूंचे धागे सांभाळायला घेतो. म्हणजे थोड्या तंतूंवर जास्त भार. ठाणे स्टेशनचा पूल सकाळी मी चढून जाते, संध्याकाळी त्याच पायऱ्यांवर चवडा लोंबतो, तो यामुळे. व्यायाम करायचा, पण दमछाक होईल इतका नाही, असं फिजिओथेरपिस्ट सांगतात.

बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं घ्या, असं तुम्ही सांगता. त्या कमतरतेनंही नसा खराब होतात आणि ती भरून काढता येते, तेव्हा तुमच्या हातापायांना मुंग्या येत असतील तर रक्त जरूर तपासा. माझं प्रमाण ठीक आहे. ‘क’ जीवनसत्त्वाचा उंदरांना उपयोग झाला होता. माणसांवरच्या चाचण्यांत झाला नाही. तुमच्या घरात हा आजार असेल तर एक मात्र लक्षात ठेवा: कॅन्सरवर विन्क्रिस्टिन नावाचं औषध देतात, त्यानं अशा नसांचं गंभीर नुकसान होऊ शकतं. कोणत्याही उपचाराआधी डॉक्टरांना आजाराचं नाव सांगा.

गेल्या पावसाळ्यात गावदेवी मंडईजवळ माझी चप्पल निसटली आणि मला कळलंही नाही. एक मुलगा ती हातात घेऊन मागून धावत आला. तेव्हापासून रोज रात्री मी आरशात तळवे तपासते, कुठे कापलंय, कुठे फोड आलाय. आरसा माझी मुलगी धरते. ती एकोणीस वर्षांची आहे. तिसरी प्रत तिच्याकडे असण्याची शक्यता निम्मी आहे. तपासणी करायची की नाही, हे तिनं अजून ठरवलेलं नाही. मी विचारत नाही. ती आरसा थोडा तिरका करते आणि म्हणते, ‘‘आई, टाचेपाशी बघ.’’